घरातल्या माणसाचा पगार

३ ऑगस्ट

ती. वहिनींस,
सा. न.

फोनच करणार होते. पण तुमच्या कारखान्यात फोन लावला की आधी दहा शिवणयंत्रं बोलतात आणि मग तुम्ही. शिवाय विषय पैशाचा आहे, तो कागदावर बरा.

माझी रजा पंधरा सप्टेंबरला संपतेय. लॅबचे मालक दर आठवड्याला फोन करून "बाळ काय म्हणतंय?" असं विचारतात. बाळ काहीच म्हणत नाही हे त्यांनाही माहीत आहे. मी काय म्हणतेय ते त्यांना हवं असतं. माझ्या टेबलावर कवळ्यांचे साचे साठलेत, आणि माझ्या जागी घेतलेल्या पोरीने गेल्या महिन्यात दोन कवळ्यांची अदलाबदल केली. दोन म्हातारे आठवडाभर एकमेकांच्या दातांनी जेवायचा प्रयत्न करत होते म्हणे.

तर बाळ सांभाळायला कुणीतरी हवं. (दिवसभर लोकांना दात करून देणारीच्या घरात एकही दात नसलेला प्राणी, म्हणून आम्ही त्याला बोळकं म्हणतो. पाच महिन्यांचं झालं.)

परवा दुपारी दार वाजलं, उघडते तो समोर अक्का! तुमच्या अक्का, तुमच्या लेकीला, भिंगरीला, सहा वर्षं सांभाळलेल्या. त्यांची मुलगी इथेच राहते, आमच्यापासून चार गल्ल्या सोडून, आणि मार्चपासून त्या तिच्याकडेच आहेत. मला बाळ झाल्याचं कळलं म्हणून बघायला आल्या होत्या. आल्या आल्या हात धुतले, पुसले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग बाळाला घेतलं. वहिनी, मी पाच महिने त्याला गार हातांनी उचलत होते. ते किंचाळायचं तर मला वाटायचं स्वभाव तापट आहे, बापावर गेलंय!

मी तिथल्या तिथे विचारलं, "काम कराल का आमच्याकडे?"

"करेन की."

"किती घ्याल?"

"तुम्ही काय देणार ते सांगा."

"वहिनींकडे किती मिळायचे?"

तर हसल्या आणि म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा."

म्हणून विचारतेय. फार कमी सांगून मला त्यांना दुखवायचं नाही, आणि फार जास्त सांगून स्वतःला. तुमचे भावोजी, म्हणजे आमचे हे, बस डेपोत वेळापत्रकं आखतात, त्यामुळे त्यांनी घरीही रकाने आखलेत. पाळणाघर, अर्धा दिवस बाई, पूर्ण दिवस बाई, आणि शेवटचा रकाना 'नोकरी सोडणे'. कुणाची नोकरी ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज वाटली नसावी.

लवकर कळवा.

तुमची,
धाकटी


९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्का तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. तब्येत बरी आहे ना तिची?

मुद्द्याचं लिहिते. मी तिला नऊ हजार देत होते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दुपारचं जेवण आमच्याकडे. तू आठापासून सुरू कर. चढायला एखादी पायरी शिल्लक ठेवावी. माझ्याकडे बारा बायका शिवायला आहेत, अनुभवाने सांगते. पहिल्या दिवशी जो आकडा तू तोंडातून काढशील तो कायमचा तुझ्या मानेवर बसतो. वर जाता येतं, खाली येता येत नाही. पगार ठरल्या तारखेला दे, एक दिवस इकडे तिकडे नको. उचल मागितली तर दे, पण लिहून ठेव. आणि फार गप्पा मारत बसू नकोस. तुला सवय आहे.

कामाला ती चोख आहे. भिंगरी जेवायला नखरे करायची तेव्हा ही तिच्यामागे घास घेऊन कधी धावली नाही. ताट ठेवायची आणि शेजारी बसून स्वतः जेवायची. पोरगी आपोआप यायची. बाकी कुणाला ते जमलं नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी सोडून गेली. आठ दिवस आधी सांगितलं फक्त. शाळा सुरू व्हायच्या आधीचा गणवेशांचा हंगाम तोंडावर होता, साडेचार हजार शर्ट कापून पडले होते. असो.

आता दुसरी बाई आहे. भिंगरी मजेत आहे.

माझ्याबद्दल काही बोलली का ती? सहज विचारते.

वहिनी


१९ ऑगस्ट

ती. वहिनींस,
सा. न.

तुमचा सल्ला ऐकला आणि तोंडावर आपटले.

शनिवारी अक्कांना बोलावलं. भावोजी रकान्यांचा कागद घेऊन बसले, मी बाळ घेऊन. आवाज ठाम वाटावा म्हणून घसा साफ केला आणि म्हटलं, "आम्ही आठ द्यायचं ठरवलंय."

"आठात नाही जमायचं," अक्का म्हणाल्या.

"मग किती?"

"बारा."

भावोजींच्या कागदावर बाराची सोयच नव्हती. मी म्हटलं, "अहो, पण वहिनींकडे नऊ होते ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "असं म्हणाल्या त्या?"

"हो. पत्रात लिहिलंय."

"बरं," म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज चढवून नाही, एखादा रस्ता सांगावा तसं. "ताई, तुमचं काम आठ तासांचं, जायचा-यायचा वेळ धरून दहा. ते दहाही तास मी कामावर. तान्हं मूल आहे, पाठ टेकता यायची नाही. मोठं मूल सांभाळायचे आणि तान्हं सांभाळायचे एकच पैसे नसतात. आणि ह्या शहरात खोलीला काय भाडं पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको." एवढं बोलून थांबल्या आणि मला विचारलं, "तुम्हाला कामावर किती मिळतात?"

भावोजी खाकरले. मी मात्र सांगून मोकळी झाले, "चोवीस."

"मग मी निम्मे मागतेय. तुमचा दात बिघडला तर तुम्ही दुसरा करता. माझं तसं नाही."

विचार करून सांगते म्हटलं. त्या गेल्या. दार लागल्या लागल्या भावोजी म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड! निम्मा पगार बाईला, वर तुझं बसभाडं, तुझं बाहेरचं खाणं. हातात राहणार काय? त्यापेक्षा वर्षभर घरी राहा." वहिनी, आकडे त्यांच्या बाजूने होते. मी मोरीत जाऊन लंगोट धुतले. आधीच धुतलेले होते.

सोमवारी पाळणाघर पाहिलं. भिंती सुंदर रंगवलेल्या. अठरा मुलं, दोन बाया, त्यातली एक रजेवर. सकाळचे अकरा वाजलेले आणि कुणीही रडत नव्हतं. "इतकी शांत कशी?" मी विचारलं. "लागते सवय," बाई म्हणाल्या. आम्ही दोघं फॉर्म न घेताच जिना उतरलो. मग सात हजारांत यायला तयार असलेली एक मुलगी भेटून गेली. तिने बाळाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. वायफाय आहे का एवढंच विचारलं.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं तर दातांवरच भरतं, तेव्हा मी काय करावं?

धाकटी


२६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बारा म्हणजे डोक्यावरून पाणी. देऊ नकोस. तू बारा दिलेस की ते सासूबाईंच्या कानावर जाणार, तिथून सगळ्या नातेवाइकांत. थोरली कारखाना चालवते आणि नऊ देत होती, धाकटी कवळ्या करते आणि बारा देते. माझं नाक कापलं जाईल, हे स्पष्टच लिहिते. फार तर दहा. रडतखडत अकरा.

पण एक गोष्ट भावोजींना मोठ्याने वाचून दाखव. बाईचा पगार तुझ्या एकटीच्या पगारातून का वजा होतोय? मूल काय तू माहेराहून आणलंस? त्यांचे बत्तीस आणि तुझे चोवीस एकत्र कर आणि मग वजाबाकी कर. माझ्या वेळी ह्यांनीही हाच हिशेब मांडला होता. मी कारखाना बंद ठेवला असता तर आज बारा घरांच्या चुली माझ्याबरोबर थंड असत्या. एक वर्ष म्हणून घरी बसलेल्या बायका मी पाहिल्यात. ते वर्ष संपत नाही.

नऊ ऐकल्यावर ती नुसतं 'बरं' म्हणाली? तोंड कसं झालं होतं? मला तिची काळजी वगैरे नाही. पण काही बोलली असेल तर लपवू नकोस.

वहिनी


२० सप्टेंबर

ती. वहिनींस,
सा. न.

अकरावर ठरलं. तीन महिन्यांनी पुन्हा बोलायचं. अक्का एक तारखेपासून येतायत आणि मी सोमवारपासून लॅबमध्ये आहे.

तुमच्या पत्रातला तो भाग मी वाचून दाखवला. 'माहेराहून आणलंस' ह्या शब्दांवर भावोजींचे कान लाल झाले. सकाळी उठून पाहते तर टेबलावर नवा कागद, वर लिहिलेलं 'छप्पन', खाली वजा अकरा. 'नोकरी सोडणे' हा रकाना गायब. तुमचे उपकार.

आता अवघड लिहायचंय. रागावू नका.

मागच्या आठवड्यात बोलता बोलता मी अक्कांना विचारलं, "मुलीचं बाळ कसं आहे? केवढं झालं?" त्या म्हणाल्या, "कुठलं बाळ? धाकटा चौथीत आहे तिचा." मी म्हटलं, "पण मार्चमध्ये बाळंतपणासाठी आलात ना?" त्या बाळाचं दुपटं घडी करत होत्या. घडी पूर्ण केली आणि म्हणाल्या, "बाळंतपण नव्हतं कुठलं." मग वहिनींकडचं काम का सोडलंत, असं विचारलं. "ते त्यांनाच विचारा."

वहिनी, बाळंतपण नव्हतं, मग तुम्ही मला तसं का लिहिलंत? भावोजी म्हणतात, "वहिनी कुणावर तरी पांघरूण घालतायत. घरात काहीतरी झालं असणार, आणि बाईचं नाव खराब होऊ नये म्हणून त्यांनी बाळंतपणावर भागवलं." मी त्यांना वेड्यात काढलं. पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. परवा अक्का बाळाला बाहेर फिरवायला गेल्या तेव्हा मी कपाटातले दोन चांदीचे पेले पाहिले. आहेत. चमचे मोजले. बावीस. किती होते ते मला मुळात ठाऊक नव्हतं, त्यामुळे मोजून काही उपयोग झाला नाही.

काम उत्तम आहे. बाळ त्यांच्याकडे हसतं, माझ्याकडे हसायच्या आधी थोडा विचार करतं. म्हणूनच विचारते. माझं मूल दहा तास त्यांच्या हातात आहे. चोरीमारी, मारहाण, काहीही झालं असेल तर मला कळायला हवं. तुम्ही सांगाल ते आमच्या दोघांतच राहील.

धाकटी


११ ऑक्टोबर

ती. वहिनींस,
सा. न.

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. घरी फोन केला तर दादा म्हणाले, "ती कारखान्यात आहे." कारखान्यात केला तर बाया म्हणाल्या, "घरी गेल्यात."

तुमच्या गप्प बसण्यातूनच आम्ही समजलो. तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही. येत्या शनिवारी अक्कांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगणार आहोत. सात हजारवाली मुलगी अजून मोकळी आहे.

धाकटी


१३ ऑक्टोबर
(कुरियरने)

धाकटे,

शनिवारी तिला काहीही सांगू नकोस. आधी हे वाच.

फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत तीनदा ठेवला. तोंडाने हे जमायचं नाही.

अक्काने काही चोरलं नाही. सहा वर्षांत एक सुई इकडची तिकडे झाली नाही. माझ्या कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. मारहाणीचं तर नावच नको. तू तसं विचारलंस. ह्यात तुझा दोष नाही, तुला तसं वाटायला जागा मीच करून दिली.

मी तिला नऊ देत नव्हते, साडेसहा देत होते. सुरुवातीला सहा होते. सहा वर्षांत पाचशे वाढवले, तेही तिने न मागता, आणि मला त्या पाचशांचा केवढा अभिमान होता. नऊ हा आकडा मी हवेतून काढला नाही. तो तिने मागितलेला आकडा होता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला साडेसहा लिहिता येईना. लिहून पाहिलं, खोडलं, आणि तिने मागितलेलंच मी दिलं होतं असं लिहिलं.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तिने पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "बघू, हंगाम संपू दे." हंगाम संपला, मी विसरले. खरं म्हणजे विसरले नव्हते. ती पुन्हा विचारत नाही तोवर कशाला विषय काढा, असं म्हणून गप्प बसले. ती वर्षभर गप्प राहिली. ह्या मार्चमध्ये पुन्हा विचारलं. मी कापडाचे गठ्ठे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं अक्का, तू आमच्या घरातलीच आहेस. घरातल्यांशी कसले हिशेब करायचे?"

ती म्हणाली, "बाई, घरातल्या माणसाला पगार नसतो हे खरं. पण त्याला घरात हिस्सा असतो. मला हिस्साही नाही आणि पगारही धड नाही. मी घरातली नको, कामावरचीच बरी."

मी भडकले. माझ्या बारा बायकांना मी नगावर पैसे देते. दर शर्टामागे किती हे भिंतीवर लिहून लावलंय, आणि कुणाचा पैसा कधी बुडवला नाही. मला हिशेब शिकवते, असं वाटलं. "जायचं तर जा," म्हणाले. मला वाटलं जाणार नाही. भिंगरीला सोडून जाईल कशी? मी तिची माया माझ्या बाजूला धरली होती, आता लिहिताना कळतंय. तिने आठ दिवस सांगून काम केलं, नवव्या दिवशी आली नाही.

बाळंतपणाचं मी भिंगरीला सांगितलं होतं. मग ह्यांना, मग सासूबाईंना, मग तुला. इतक्या वेळा सांगितलं की ते बाळ मला दिसायलाही लागलं होतं.

आणि भिंगरी मजेत नाही. मार्चपासून तीन बाया बदलल्या. पोरगी त्यांच्याशी नीट वागते, हेच वाईट आहे, पाहुण्यांशी वागावं तसं वागते. तुझं चमच्यांचं पत्र आलं त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "आई, मी चावले म्हणून अक्का गेली का?" शेवटच्या दिवसांत कधीतरी ती रागाने अक्काच्या हाताला चावली होती. मला माहीतही नव्हतं. सहा महिने पोरगी ते मनात घेऊन फिरत होती. मी म्हटलं, "नाही गं, तिच्या मुलीला बाळ झालं." ती म्हणाली, "मग बाळ मोठं झालं की येईल?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर तुलाही देता आलं नाही.

तिने विचारलं तेव्हापासून ती गेली तोवर बारा महिने. दर महिन्याला अडीच हजार कमी. तीस हजार होतात. ते मी तिला पाठवणार आहे. पत्ता कळव.

हे पत्र भावोजींना दाखवायचं तर दाखव. सासूबाईंना मी स्वतः सांगेन.

वहिनी


२१ ऑक्टोबर

ती. वहिनींस,
सा. न.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये मिळालं. घरच्या पत्त्यावर न पाठवता कामाच्या पत्त्यावर पाठवलंत, बरं केलंत. हातात प्लास्टरचा साचा होता, तो तसाच वाळून गेला. मालकांना म्हटलं, डोकं दुखतंय, आणि लवकर घरी आले.

अक्का बाळाला घेऊन खिडकीत उभ्या होत्या. मला इतक्या लवकर आलेलं पाहून त्यांचा चेहरा बदलला. मग शांतपणे म्हणाल्या, "सांगायचं असेल ते सांगून टाका, ताई. मला दुसरं काम बघायला वेळ लागेल."

त्यांना माहीत होतं, वहिनी. म्हणाल्या, "तुम्ही चमचे मोजलेत त्या दिवशीच कळलं. मी काटे उजवीकडे ठेवते, तुम्ही डावीकडे ठेवून गेलात. मला वाटलं, महिना भरला की काढतील."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत? वहिनींकडे काय झालं ते मला सांगायचं होतंत. मी विचारलं होतं."

"मी सांगून तुम्ही मानलं असतं? बाईंनी नऊ लिहिलंय म्हणालात. मी साडेसहा म्हटलं असतं तर खोटी कोण ठरली असती?"

मी माफी मागितली. नीट जमली नाही, मध्येच रडू आलं, आणि मला रडताना बघून बाळानेही सुरुवात केली. त्यांनी आधी बाळाला गप्प केलं. मग मी म्हटलं, "अक्का, ह्या महिन्यापासून बारा." तर त्यांनी मान हलवली. "शरमेचे हजार नकोत. तीन महिने झाले की कामाचे द्या. ठरलंय ना तसं?"

भावोजींनी तुमचं पत्र वाचलं. अक्कांबद्दल तो संशय त्यांनीच काढला होता. काल अक्कांना म्हणाले, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "हो." आणि त्यांना बाळाची बाटली धुवायला दिली. आता रोज डेपोतून आले की तेच धुतात. कुणी सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र मी अक्कांना दाखवलेलं नाही. ते तुमचं तुम्ही लिहा. पत्ता सोबत आहे. त्यांना वाचता येतं, अक्षर मोठं काढलंत तर बरं.

वहिनी, तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आलं ते विचाराल म्हणून सांगते. आधी राग आला. मग आठवलं की आम्हीही आठापासूनच सुरुवात केली होती, आणि ती पायरी मला तेव्हा अगदी योग्य वाटली होती.

धाकटी


९ नोव्हेंबर

बाई,
नमस्कार.

तुमचं पत्र आणि तीस हजार मिळाले. पैसे परत पाठवत नाही. ते माझेच होते. पोच म्हणून हे लिहिते. अक्षर मोठं काढलंत, चष्मा लागला नाही.

तुम्ही पुन्हा या म्हणून लिहिलंय, किती हवेत ते सांगा असंही लिहिलंय. आता येणार नाही. इथलं बाळ मला ओळखायला लागलंय. त्याला आता पुढचे दात येतायत, रात्रंदिवस तोंडात मूठ असते. ताई म्हणतात आता त्याला बोळकं म्हणता येणार नाही, दुसरं नाव शोधायला हवं. आणि त्यांच्याशी माझं ठरलेलं आहे. पैशाचा राग आता राहिला नाही. वर्षभर तुम्ही काही बोलला नाहीत त्याचा होता. नाही म्हणाला असतात तरी मी काही दिवस राहिले असते. रोज वाटायचं आज सांगतील. नव्या बाई विचारतील तेव्हा त्यांना त्याच आठवड्यात काय ते सांगा.

भिंगरीला सांगा, चावल्यामुळे कुणी काम सोडत नाही. माझं कामच चावणाऱ्या वयाच्या मुलांचं आहे. तिच्या चावण्याचं मला दुखलं होतं, पण रागावले नव्हते. हे माझं म्हणून सांगा. आणि बाळंतपण नव्हतं हेही सांगा. का गेले ते तुम्ही तिला तुमच्या शब्दांत सांगा. ती सात वर्षांची आहे, तिला कळेल. नाही कळलं तर पुन्हा सांगा.

तिला भेटायला आणू का म्हणून विचारलंत. रविवारी आणा. रविवारी मी कुणाकडे कामाला नसते. मुलीची खोली लहान आहे, पण चार माणसं बसू शकतात. आधी दोन दिवस कळवा, म्हणजे मी कुठे जाणार नाही. मला तिला बघायचं आहे, केवढी झाली ते.

एकटीला पाठवू नका, तुम्हीही या. त्या दिवशी मी तिला भेटेन. सांभाळायला तुम्ही असा.

अक्का